संगणक शंका-समाधान : प्रोसेसरचा वेग आणि त्याची विश्रांती

लिनक्सच्या टर्मिनलवरून प्रोसेसरची वारंवारता आणि त्याच्या विश्रांतीच्या अवस्था कशा पाहाव्यात, याविषयी आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. आज्ञांची, फायलींची आणि स्तंभांची नावे येथे देवनागरीत छापली असली तरी टर्मिनलवर आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहाव्यात.

प्रश्न : आमच्या छोट्या मुद्रण व्यवसायाच्या फायली ठेवण्यासाठी एका जुन्या डेस्कटॉप संगणकावर लिनक्स घालून तो आम्ही अहोरात्र चालू ठेवतो. त्यात इंटेलचा चार कोअरचा (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चार भागांचा) प्रोसेसर आहे. रात्री कोणी काम करत नसताना ‘प्रॉक’ फोल्डरमधील ‘सीपीयूइन्फो’ ही फाइल उघडली, तर काही कोअरपुढे ८०० मेगाहर्ट्झ दिसतात आणि काहींपुढे ३००० हून अधिक. वेग ठरवणारा ‘गव्हर्नर’ तर ‘पॉवरसेव्ह’ आहे. प्रोसेसर विनाकारण वेगात धावून वीज खातो आहे का, आणि त्याला सर्वांत खालच्या वेगावर बांधून ठेवावे का? (एक वाचक, दादर)

उत्तर : बांधून ठेवू नये. आपण पाहिलेल्या आकड्यावरून वीज वाया जाते आहे असा निष्कर्ष निघत नाही, कारण वीज किती लागते हे त्या एका आकड्यात नसतेच.

वारंवारता हे काम चालू असतानाच्या वेगाचे माप आहे. काम नसेल तेव्हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा मुख्य प्रोग्राम, कोअरला थांबवतो, आणि थांबलेल्या कोअरला वेग नसतो. या थांबण्याच्याही पायऱ्या आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एसीपीआय’ या मानकापासून त्यांना सी-स्टेट म्हटले जाते. सी-० म्हणजे कोअर जागा आहे. सी-१ मध्ये त्याचे घड्याळ थांबते, पण जागे होण्यास एक-दोन मायक्रोसेकंद पुरतात. त्याखाली सी-३ मध्ये कोअरचे स्वतःचे कॅशही (जवळची जलद स्मृती) रिकामे केले जाते, आणि सी-६ मध्ये कोअरची सारी स्थिती वेगळ्या स्मृतीत जपून ठेवून त्याचा वीजपुरवठा जवळजवळ तोडला जातो. सी-६ मध्ये गेलेल्या कोअरपुढे ३००० लिहिलेले असो वा ८००, त्याच्या विजेच्या वापरात काहीही फरक पडत नाही.

मग तो आकडा येतो कोठून? आजच्या इंटेल प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमध्ये ‘एपर्फ’ आणि ‘एमपर्फ’ नावाचे दोन गणक असतात. एमपर्फ ठरलेल्या स्थिर गतीने वाढतो, एपर्फ प्रत्यक्ष वेगाने वाढतो, आणि दोन्ही फक्त कोअर जागा असतानाच वाढतात. त्यांच्या गुणोत्तरावरून जागेपणीचा खरा वेग निघतो. नव्या कर्नलमध्ये सीपीयूइन्फोतील आकडा याच मार्गाने काढला जातो. जुन्या कर्नलमध्ये आणि वेग सांभाळणाऱ्या काही ड्रायव्हरांच्या बाबतीत मात्र दिसणारा आकडा हा कर्नलने शेवटचा मागितलेला वेग असतो, मिळालेला नव्हे. शिवाय फाइल उघडणे हेही प्रोसेसरला कामच आहे, म्हणजे ज्या क्षणी आपण पाहतो त्या क्षणी निदान एक कोअर तरी आपल्यासाठीच जागा झालेला असतो. अशा क्षणिक नोंदीवरून रात्रभराचा अंदाज बांधता येत नाही.

विचारायला हवेत ते प्रश्न तीन आहेत: ठरावीक कालावधीत कोअर किती टक्के वेळ जागा होता, जागा असताना कोणत्या वेगाने चालला, आणि उरलेला वेळ किती खोल विश्रांतीत गेला. तिन्हींची उत्तरे एकाच वेळी देणारे साधन म्हणजे ‘टर्बोस्टॅट’. ते लिनक्स कर्नलच्या मूळ संहितेतच ठेवलेले आहे. डेबियनमध्ये ते ‘लिनक्स-सीपीयूपॉवर’ या पॅकेजमधून, उबुंटूत ‘लिनक्स-टूल्स’ या नावाने सुरू होणाऱ्या पॅकेजांतून आणि फेडोरात ‘कर्नल-टूल्स’मधून मिळते. ते ‘सुडो’ (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावून चालवावे लागते, कारण गणक थेट हार्डवेअरमधून वाचायचे असतात. एरवी काही न सांगता चालवले तर दर ५ सेकंदांनी ते एक नवा तक्ता छापते.

तक्त्यातील ‘बिझी’ टक्केवारीचा स्तंभ जागेपणाचा आहे. त्याच्या शेजारी दोन मेगाहर्ट्झ दिसतात. एक फक्त जागेपणीच्या वेळेतला वेग आहे, तर दुसरा, ज्याच्या नावात ‘ॲव्हरेज’ येते, तो विश्रांतीचा वेळही हिशेबात धरून काढलेली सरासरी आहे. समजा, एखादा कोअर १ टक्का वेळ जागा होता आणि तेवढ्या वेळात ३००० मेगाहर्ट्झने चालला, तर त्याची सरासरी ३० मेगाहर्ट्झ येईल. आपल्याला भिवविणारे तीन हजार आणि विजेच्या दृष्टीने समाधान देणारे तीस हे दोन्ही आकडे एकाच कोअरचे, एकाच वेळचे आणि दोन्ही खरे असू शकतात. माझा अंदाज असा की आपल्याकडेही चित्र साधारण असेच निघेल.

गव्हर्नरच्या नावामुळे होणारा गैरसमजही येथेच दूर करायला हवा. ‘सीपीयूपॉवर’ या आज्ञेपुढे ‘फ्रीक्वेन्सी-इन्फो’ लिहून चालवा आणि ड्रायव्हरचे नाव पाहा. तेथे ‘एसीपीआय-सीपीयूफ्रेक’ असेल तर पॉवरसेव्ह गव्हर्नर वेगाला खरोखरच तळाशी बांधून ठेवतो. ‘इंटेल-पीस्टेट’ असेल, आणि २०१३ नंतरच्या कर्नलवर बहुधा तेच असते, तर त्यातील पॉवरसेव्ह हा कामाचा भार पाहून वेग वरखाली करणारा गव्हर्नर आहे. केवळ नाव तेच आहे, वागणे पूर्ण वेगळे. २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून तर वेग निवडण्याचे बरेचसे काम प्रोसेसर स्वतःच करू शकतो आणि कर्नल त्याला फक्त आपली पसंती कळवतो.

वेगाला तळाशी बांधले की तेच काम पुरे व्हायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तो कोअरच नव्हे तर त्याच्यासोबत सामायिक कॅश, स्मृतीचा नियंत्रक आणि इतर भागही जागे राहतात. काम लवकर उरकून सर्वांनी खोल विश्रांतीत जाणे पुष्कळदा स्वस्त पडते. ‘पुष्कळदा’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे: कोअरची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि सर्वांत वरच्या टर्बो वेगासाठी व्होल्टेजही बरेच वाढवावे लागते, त्यामुळे ते टोकही महागच असते. या दोन टोकांमधील योग्य जागा शोधण्यासाठीच गव्हर्नर असतो, आणि आपल्यासारख्या फायली ठेवण्याच्या संगणकावर त्याच्या कामात हात घालण्याचे कारण मला दिसत नाही.

आपला शोध खरे तर यापुढे सुरू व्हावा. कोअर झोपले म्हणजे संपूर्ण प्रोसेसर झोपला असे नव्हे. सर्व कोअर खोल अवस्थेत गेल्यावरच त्यांना सामावणारे पॅकेज आपल्या वेगळ्या विश्रांतीत जाऊ शकते. टर्बोस्टॅटमध्ये ते ‘पीसी-२’, ‘पीसी-३’, ‘पीसी-६’ अशा स्तंभांत दिसते. अहोरात्र चालणाऱ्या जुन्या डेस्कटॉपमध्ये वीज गळते ती बहुधा येथे. कोअर ९८ टक्के वेळ सी-६ किंवा सी-७ मध्ये आहेत आणि पॅकेज मात्र पीसी-२ च्या खाली उतरतच नाही, असे दिसले तर एखादे उपकरण त्याला अडवून धरते आहे असे समजावे. हार्ड डिस्कच्या साटा जोडणीची वीजबचत बंद असणे, पीसीआय एक्स्प्रेस जोडणीची ‘एएसपीएम’ ही बचत बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बंद ठेवलेली असणे, किंवा ती न पाळणारे एखादे जादा बसवलेले कार्ड असणे, ही यामागची नेहमीची कारणे आहेत. कार्ड काढून, एका वेळी एकच बदल करून, तोच तक्ता पुन्हा पाहावा.

कोअरना वारंवार कोण उठवते हे शोधण्यासाठी इंटेलने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘पॉवरटॉप’ अजूनही उत्तम आहे. दर सेकंदाला कोणता प्रोग्राम आणि कोणता इंटरप्ट (उपकरणाकडून येणारा संकेत) किती वेळा जाग आणतो, त्याची यादी ते देते. त्यात ‘ट्युनेबल्स’ नावाचे पान आहे आणि तेथील सर्व बचती एकदम चालू करण्याची सोयही आहे, परंतु ज्यावर व्यवसायाच्या फायली आहेत त्या संगणकावर ती सोय वापरू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. एखादी डिस्क किंवा यूएसबी उपकरण त्या बचतीमुळे अधूनमधून जोडणी सोडू लागले, तर वाचलेल्या विजेपेक्षा नुकसान कितीतरी मोठे होईल.

आता बिलाविषयी. टर्बोस्टॅटच्या शेवटच्या स्तंभांतील ‘पॅकेज वॉट’ हा आकडा सँडी ब्रिज पिढीपासून इंटेल प्रोसेसरमध्ये असलेल्या ‘रॅपल’ या ऊर्जागणकावरून येतो. तो फक्त प्रोसेसरपुरता आहे. डिस्क, पंखे, मदरबोर्ड आणि पॉवर सप्लायमधील तूट त्यात नाही. म्हणून भिंतीवरील सॉकेट आणि संगणकाची वायर यांच्यामध्ये लावायचे छोटे वीजमापक घ्यावे आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत. बदल केल्यावर मापकावरचा आकडा १० वॉटने उतरला, तर वर्षभर अहोरात्र चालणाऱ्या यंत्राचे ८७.६ युनिट वाचतात. बेस्टच्या बिलावर आपण पाहता तेच हे युनिट. केवळ तक्त्यातले आकडे सुधारले आणि मापक जागचे हलले नाही, तर तो बदल मागे घ्यावा.

प्रश्न : कर्नलने मागितलेली विश्रांती आणि प्रत्यक्ष मिळालेली विश्रांती यांत फरक असतो असे वाचले. तो टर्मिनलवर दिसतो का? (एक विद्यार्थिनी, विलेपार्ले)

उत्तर : दिसतो, आणि या विषयात पडणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी डोळ्यांनी पाहावा. ‘सिस’ फाइलव्यवस्थेत डिव्हायसेस, सिस्टिम, सीपीयू, सीपीयू० आणि सीपीयूआयडल असे क्रमाने आत गेल्यास ‘स्टेट०’, ‘स्टेट१’ अशी फोल्डरे सापडतील. प्रत्येकात ‘नेम’ या फाइलमध्ये अवस्थेचे नाव, ‘लेटन्सी’मध्ये जागे होण्यास लागणारे मायक्रोसेकंद, ‘रेसिडेन्सी’मध्ये ती अवस्था परवडण्यासाठी किमान किती मायक्रोसेकंद झोपायला हवे तो आकडा, ‘युसेज’मध्ये किती वेळा प्रवेश झाला ती संख्या आणि ‘टाइम’मध्ये तेथे घालवलेला एकूण वेळ असतो. ‘अबव्ह’ आणि ‘बिलो’ या नव्या कर्नलमधील दोन फायली तर विशेष बोलक्या आहेत: कर्नलने निवडलेली अवस्था किती वेळा गरजेपेक्षा खोल ठरली आणि किती वेळा उथळ, याचा हिशेब त्या ठेवतात.

हे सारे कर्नलच्या बाजूचे हिशेब आहेत. कर्नल सी-६ मागतो, पण प्रोसेसर आपल्या अनुभवावरून ती मागणी उथळ अवस्थेवर आणू शकतो, आणि त्याची नोंद या फायलींत होत नाही. ‘सीपीयूपॉवर’पुढे ‘मॉनिटर’ लिहून चालवल्यास एका सेकंदाचे मापन शेजारी शेजारी मांडले जाते: ‘आयडल-स्टॅट्स’ या मथळ्याखाली मागणी, ‘एमपर्फ’खाली जागेपणाची टक्केवारी आणि खरा वेग, आणि आपल्या प्रोसेसरच्या पिढीप्रमाणे ‘नेहालेम’ किंवा ‘सँडीब्रिज’ अशा नावाखाली हार्डवेअरने स्वतः मोजलेला विश्रांतीचा वेळ. एएमडीच्या प्रोसेसरवर यांतील शेवटचा भाग बहुधा दिसणार नाही. एमपर्फचा भाग मात्र तेथेही तितकाच विश्वासार्ह आहे.

प्रश्न : माझा लॅपटॉप प्रोग्राम कंपाइल करताना पहिले अर्धे मिनिट चपळ असतो आणि मग मंदावतो. मे महिन्यात दुपारी हे फार जाणवते. प्रोसेसर तापून वेग कमी करतो आहे हे सिद्ध कसे करावे? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : ‘पहिले अर्धे मिनिट’ हे आपले निरीक्षण मोलाचे आहे, आणि त्यावरून मला उष्णतेआधी दुसराच संशय येतो. लॅपटॉपच्या प्रोसेसरला विजेच्या दोन मर्यादा घालून दिलेल्या असतात: थोड्या वेळापुरती मोठी, आणि त्यानंतर कायम चालू शकेल अशी लहान. मोठ्या मर्यादेची मुदत पुष्कळ लॅपटॉपमध्ये अर्ध्या मिनिटाच्या आसपास असते. कंपाइल सुरू करण्यापूर्वी दुसऱ्या खिडकीत टर्बोस्टॅट एका सेकंदाच्या अंतराने चालू करा आणि पॅकेज वॉट व पॅकेजचे तापमान हे दोन स्तंभ पाहत राहा. वॉटचा आकडा ठरावीक वेळी खाली येऊन १५ सारख्या एखाद्या आकड्यावर स्थिरावला आणि त्या वेळी तापमान ७०-८० अंशांतच असेल, तर ही उत्पादकाने आखून दिलेली मर्यादा आहे. तो दोष नव्हे.

याउलट तापमान ९५ ते १०० अंशांना जाऊन टेकले आणि वॉट व वेग दोन्ही अस्थिरपणे खाली सरकत गेले, तर ती उष्णतेची मर्यादा. तिचा पुरावाही कर्नल ठेवतो: सीपीयू० च्या फोल्डरात ‘थर्मल-थ्रॉटल’ नावाचे फोल्डर आहे, त्यातील कोअर आणि पॅकेज यांच्या ‘थ्रॉटल-काउंट’ या फायली काम सुरू करण्यापूर्वी आणि नंतर वाचाव्यात. आकडा वाढला असेल तर शंकेला जागा उरत नाही. पंखा प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे खोली जितकी तापेल तितके प्रोसेसरचे तापमानही वर सरकते. मुंबईत उन्हाळ्यापेक्षाही वर्षभराची धूळ पंख्याच्या जाळीला अधिक त्रास देते, म्हणून आधी ती साफ करून घ्यावी आणि मगच थर्मल पेस्ट बदलण्याचा विचार करावा.

तिसरी शक्यताही सांगून ठेवतो. वेग एकदम सर्वांत खाली, ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झवर, जाऊन तेथेच अडकला आणि तापमान अगदी सामान्य असेल, तर चार्जर तपासावा. काही लॅपटॉप चार्जर ओळखू आला नाही तर प्रोसेसरला बाहेरून ‘तापला’ असा संकेत देऊन रोखून धरतात.

प्रश्न : भाड्याने घेतलेल्या क्लाउड यंत्रावर टर्बोस्टॅट चालत नाही आणि वेगाची माहिती देणारे सीपीयूफ्रेक हे फोल्डरच नाही. काय चुकते आहे? (एक वाचक, पवई)

उत्तर : काहीच चुकत नाही. आभासी यंत्राला खरे गणक सहसा दाखवले जात नाहीत, आणि वेग व विश्रांती यांचे निर्णय खालचे मूळ यंत्र घेते. आपल्याला तेथे कामाला लागणारा वेळच मोजता येईल.

प्रश्न : अंधेरीत आमची आवाज ध्वनिमुद्रित करण्याची लहानशी खोली आहे. लिनक्सवर ध्वनिमुद्रण करताना मधूनच चटकन तडतड ऐकू येते. इंटरनेटवरील सल्ल्याप्रमाणे बायोसमधून सर्व सी-स्टेट बंद करावेत, किंवा कर्नलला ‘आयडल=पोल’ सांगावे का? (एक ध्वनितंत्रज्ञ)

उत्तर : आधी मोजावे. संशयाला आधार आहे: खोल अवस्थेतून बाहेर येण्यास वेळ लागतो. स्कायलेक पिढीसाठी कर्नलच्या तक्त्यात सी-१ करिता २, सी-६ करिता ८५ आणि सी-१० करिता ८९० मायक्रोसेकंद दिलेले आहेत; आपल्या यंत्राचे आकडे वर सांगितलेल्या लेटन्सी फायलींत मिळतील. आता बफर, म्हणजे आवाजाचे नमुने तात्पुरते साठवणारी जागा, पाहा. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या दराने ६४ नमुन्यांचा बफर सुमारे १.३३ मिलिसेकंदांत रिता होतो, आणि २५६ नमुन्यांचा सुमारे ५.३३ मिलिसेकंदांत. पहिल्या बाबतीत ८९० मायक्रोसेकंद म्हणजे उपलब्ध वेळेचा बहुतेक भाग गेला. दुसऱ्या बाबतीत तेवढा उशीर सहज पचतो आणि तडतडीचे कारण अन्यत्र शोधायला हवे. कलाकाराला स्वतःचा आवाज कानांत परत ऐकवायचा नसेल तर बफर वाढवणे हाच सर्वांत साधा उपाय आहे.

लहान बफर आवश्यकच असेल तर बायोसला हात न लावता पडताळणी करता येते. सीपीयूपॉवरची ‘आयडल-सेट’ ही उपआज्ञा मोठ्या ‘डी’ या पर्यायापुढे ५० लिहून चालवली, की ज्या अवस्थांना जागे होण्यास ५० किंवा त्याहून अधिक मायक्रोसेकंद लागतात त्या सर्व तात्पुरत्या बंद होतात. लगेच सीपीयूपॉवर मॉनिटर चालवून त्या स्तंभांत खरोखर शून्य आले आहे याची खात्री करावी, आणि मग नेहमीचे ध्वनिमुद्रण करून पाहावे. तडतड थांबली तर कारण सापडले; कायम राहिली तर सी-स्टेट निर्दोष आहेत आणि बंद ठेवण्यात अर्थ नाही. वेग वर ठेवणाऱ्या ‘परफॉर्मन्स’ गव्हर्नरचा प्रयोगही करावा, पण याच वेळी नको, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

‘आयडल=पोल’ मात्र आपण वापरू नये. त्यात रिकामा कोअरही क्षणभर न थांबता फेरे मारत राहतो. उष्णता वाढते, पंखा जोरात फिरू लागतो आणि त्याचा आवाज त्याच खोलीतल्या मायक्रोफोनमध्ये जातो. शिवाय इतर कोअर झोपलेले असताना एखाद्या कोअरला मिळणारा जादा टर्बो वेगही हातचा जातो, आणि एका कोअरवर दोन धागे चालणाऱ्या प्रोसेसरमध्ये रिकाम्या धाग्याचे फेरे शेजारच्या कामाच्या धाग्याची शक्ती खातात. ५० मायक्रोसेकंदांची मर्यादा घालून काम भागत असेल तर ती आज्ञा ध्वनिमुद्रणापूर्वी द्यावी, आणि काम संपल्यावर आयडल-सेटला मोठा ‘ई’ हा पर्याय देऊन सर्व अवस्था पुन्हा खुल्या कराव्यात. विसरलात तरी यंत्र पुन्हा सुरू केल्यावर त्या आपोआप पूर्ववत होतात.